चुन्याची निवळी

शारजात मे ते सप्टेंबर खिडकी उघडायची नसते. बाहेर आग, आत एसी. अशाच एका जुलैत माझ्या समुद्राच्या टाकीतल्या पाण्याचा पीएच दर सकाळी ७.७ दाखवू लागला. खुल्या समुद्राचा साधारण ८.१ असतो. फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण ही मोजपट्टी अशी आहे की ०.३ ने आकडा उतरला म्हणजे आम्लता दुप्पट झाली. दगडी प्रवाळ पाण्यातला चुना घेऊन आपला सांगाडा बांधतात, आणि पीएच उतरला की हे बांधकाम मंदावतं.

त्याच महिन्यात रत्नागिरीहून अब्बा आले होते. सोबत भाईजान, भाभी आणि त्यांची चार मुलं. आम्ही तिघं. दोन खोल्यांत दहा माणसं.

मी आधी मीटरवर संशय घेतला, मग मिठावर. मग जे सगळे नवशिके करतात तेच केलं : दुकानातून पीएच वाढवायची पूड आणली. ती मुळात सोड्याचाच प्रकार. टाकली की तासाभरापुरता आकडा चढायचा, सकाळी पुन्हा खाली. मी आणखी टाकायचो. आठवड्यात पाण्याची क्षारता ८ वरून १२ डीकेएच झाली, अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी पडली आणि पीएच होता तिथेच राहिला.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. टाकीतलं एक ग्लास पाणी बाल्कनीत नेलं आणि छोट्या पंपाने तासभर त्यात बाहेरची हवा सोडली. ७.८ चं ८.२ झालं. म्हणजे पाण्यात खोट नव्हती, घरातल्या हवेत होती. बंद घरात आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्यात विरघळतो आणि तिथे आम्ल होतो. दिवसा दिव्याच्या उजेडात शेवाळ तो थोडाफार खातं. रात्री तेही श्वासच सोडतं, म्हणून पहाटे आकडा सर्वांत खाली.

त्या रात्री स्वयंपाकघरात मी बायकोला म्हणालो, "ही मंडळी अजून किती दिवस आहेत?" आवाज हळू होता असं मला वाटलं होतं.

फजरनंतर अब्बा टाकीपुढे खुर्ची घेऊन बसले. एकतीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस. म्हणाले, "आमच्या श्वासाने तुझे मासे मरतात काय रे?"

मला काही बोलता येईना. मासे नाहीत अब्बा, प्रवाळ, एवढंच पुटपुटलो. काय मूर्ख उत्तर!

ते रागावले नव्हते, निदान तसं दाखवलं नाही. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, "शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारायचो आम्ही. दुधाळ व्हायची. मग चुनाच घाल की."

गंमत म्हणजे उपाय खरंच तो आहे. फक्त पानाचा नव्हे, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. लिटरभर गोड्या पाण्यात दीडएक ग्रॅम ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, आणि वरची नितळ निवळी रात्रभर थेंब थेंब सोडायची. टाकीचं जेवढं पाणी उडून जातं तेवढीच, जास्त नाही. एकदम ओतली तर पीएच उसळून सगळं मरेल. निवळी कार्बन डायऑक्साइड पकडते आणि प्रवाळाला चुनाही देते. भांडं झाकलेलं हवं, नाहीतर घरच्या हवेनेच तिच्यावर साय धरते.

दुसरं काम अब्बांनी स्वतः केलं. पाण्यात बुडबुडे सोडून घाण वर काढणारा स्किमर असतो, त्याच्या हवेच्या नळीला लांब नळी जोडून ती एसीच्या पाइपच्या भोकातून बाहेर काढली. फट कापसाने बुजवली. हवा इतकी थोडी की उकाड्याने टाकी तापली नाही. सोडा मी बंद केला. क्षारता हळूहळू उतरली. दोन फांद्या गेल्या त्या गेल्याच.

चौथ्या सकाळी ८.०. घरात अजून दहाच माणसं होती.

ऑगस्टमध्ये सगळे गेले आणि आकडा ८.२ वर आला. मी तो अब्बांना कळवला नाही. दर शुक्रवारी फोनवर ते विचारतात, "किती?" मी सांगतो, "आठ."