‘सही तुमचीच आहे ना?’ : तासिका तत्त्वाच्या ऑर्डरमागचे राजकारण

मे महिना सरत आला की कोल्हापूर, सांगली, सातारा जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत एक वेगळाच हंगाम सुरू होतो. ‘तासिका तत्त्वावर नेमणे आहे’ अशा जाहिराती झळकतात आणि मागच्या वर्षी ज्यांनी तोच वर्ग, तोच पेपर शिकवला तीच माणसे पुन्हा फाईल काखेत मारून मुलाखतीच्या रांगेत उभी राहतात. आम्ही त्या रांगेतलेच. आम्ही इंग्रजी शिकवतो. आमच्यात कुणी नेट आहे, कुणी सेट, कुणी पीएच.डी. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरातली पहिली पिढी आम्हीच. दरवर्षी आम्हाला नव्याने सिद्ध करावे लागते की आम्हाला इंग्रजी येते.

हे रडगाणे नाही. ऑर्डरच्या नूतनीकरणासाठी आपण टेबलासमोर बसतो तेव्हा नेमके काय देऊन काय घेतो, हा आमचा प्रश्न आहे.

आधी हिशेब मांडू. पदवीच्या वर्गाला तासाला ९०० रुपये आणि आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. म्हणजे आठवड्याला ८,१०० आणि भरलेल्या चार आठवड्यांचे ३२,४००. पण दिवाळीची सुट्टी आली, परीक्षा आल्या, की त्या आठवड्याचे शून्य. उन्हाळा तर पूर्ण कोरडा. बिल महाविद्यालयातून सहसंचालक कार्यालयात जाते आणि पैसे कधी येतील हे कुणीच सांगत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच ५७,७०० आहे, भत्ते वेगळे. विद्यार्थी तेच, अभ्यासक्रम तोच.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम सांगतात की कंत्राटी नेमणुका अगदीच गरज असेल तेव्हा कराव्यात, त्या एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात आणि त्यांचे मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. मग ‘कंत्राटी’ऐवजी ‘तासिका तत्त्व’ म्हटले की झाले! अतिथी अध्यापकासाठी आयोगानेच २०१९ मध्ये तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला ५०,००० पर्यंतची मर्यादा ठरवली. आम्ही तिथपर्यंतही पोहोचलेलो नाही.

तात्पुरती नेमणूक म्हणजेच अन्याय, असे आमचे म्हणणे नाही. जपानमध्ये १९८७ पासून ‘जेट’ नावाची योजना चालते. परदेशातून आलेले तरुण तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवायला मदत करतात. त्यांचाही करार वर्षाचाच असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षे वाढतो. पण मोबदला महिन्याचा, आणि अटी आधीच कागदावर. परक्या देशात पाहुणा म्हणून गेलेल्याला जे लेखी मिळते, ते स्वतःच्या जिल्ह्यात शिकवणाऱ्याला तोंडीसुद्धा मिळू नये?

आमच्या वाट्याला येते ते गोड बोलणे. “सर, तुम्ही तर घरचेच. ऑर्डरचं बघू, आधी वर्ग सुरू करा.” नॅकच्या फाईली लावायच्या असतात तेव्हा आम्ही घरचे. प्रवेशाच्या टेबलावर बसायचे असते तेव्हा घरचे. निकालाचे तक्ते करायचे, विद्यार्थ्यांची सहल न्यायची, तेव्हाही घरचे. बिल काढायची वेळ आली की पाहुणे! गावगाड्यात आपल्या बापजाद्यांना कामाला बोलावणे होते, पंगतीला नव्हते. पद्धत ओळखीची आहे, फक्त तिला आता लेटरहेड आले आहे.

तक्रार केली की एक हमखास उत्तर मिळते : “सही तुमचीच आहे ना? कुणी जबरदस्ती केली होती का?” सही आमचीच असते. नेमणूक तात्पुरती आहे, कायम करण्याचा हक्क सांगणार नाही, असे हमीपत्रही आम्हीच लिहून देतो. त्यामुळे हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. आपल्यातले कित्येक जण इथेच गप्प होतात.

या युक्तिवादाला बाबासाहेबांनी १९४७ मध्येच उत्तर देऊन ठेवले आहे. संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये ते विचारतात की बेकाराला मूलभूत हक्कांचा उपयोग काय? कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटनेत जायला बंदी आहे, अशी नोकरी एका बाजूला आणि भाषण-संघटनेचे स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूला ठेवले, तर उपाशी माणूस काय उचलेल? तो नोकरीच उचलेल. म्हणजे हक्क काढून घ्यायला कायदा लागत नाही, उपासमारीची भीती पुरते. आणि सरकारने हात काढून घेतला की जे उरते ते स्वातंत्र्य नसते, ती मालकाची हुकूमशाही असते, हे बाबासाहेबांनी तिथेच बजावले आहे.

सर्वोच्च न्यायालयाला हे पटायला वेळ लागला, पण पटले. ऑक्टोबर २०१६ च्या पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग या निकालात न्यायालयाने समान कामाला समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना लागू केले. कमी मजुरीवर काम करणारा ते राजीखुशीने करत नाही, घरच्यांच्या पोटासाठी स्वाभिमान गहाण टाकून करतो, अशा आशयाचे न्यायालयाने म्हटले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाबतीतही न्यायालयाने किमान वेतनश्रेणी देण्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा ‘सही तुमचीच आहे’ हे वाक्य पुढच्या वेळी ऐकले की मान खाली घालू नका.

आता भीतीबद्दल. कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला बसवले गेले. बाबासाहेब हयात असताना त्यांचा पुतळा उभारणारे हे शहर. आणि त्याच शहरात आमच्यातले काही जण १४ एप्रिलला चौकात यायला कचरतात. कुणी फोटो काढला, तो संस्थाचालकांपर्यंत गेला, तर जूनमध्ये ‘यंदा वर्कलोड कमी आहे’ ऐकावे लागेल! कुणी धमकी दिलेली नसते, द्यावी लागतच नाही. दरवर्षी संपणारी ऑर्डर हीच धमकी असते. तासाला किती रुपये मिळतात यापेक्षा हे नुकसान मोठे आहे, कारण वर्गात उभा असलेला माणूसच निर्भय नसेल तर समोरची पोरे निर्भयपणा कुठून शिकणार?

तात्पुरते शिकवण्यात कमीपणा नाही. बाबासाहेबांनीही नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवले, पुढे १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या संस्थेत अर्धवेळ शिकवले. सिडनहॅमच्या पगारातून त्यांनी पै-पै साठवली, नोकरी सोडली आणि त्याच मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या माणगाव परिषदेच्या अध्यक्षस्थानी ते उभे राहिले. शाहू महाराजांचा हात पाठीशी होता. पण शिल्लक पडेल असा नियमित पगारही होता. शिल्लक होती म्हणून राजीनामा देता आला आणि लंडनला जाता आले. आमच्या मानधनात शिल्लक पडत नाही, ही गोष्ट आर्थिक जितकी तितकीच राजकीय आहे.

आणखी एक मुद्दा आपल्या तरुणांनी पाठच करावा. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला याच करवीर संस्थानात पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा पंचेचाळीस दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका वगळतो. आमची नेमणूक पंचेचाळीस दिवसांची नसते, काही महिन्यांची असते. मग जाहिरातीत प्रवर्गाचा रकाना कुठे आहे? कायम जागा भरायची नाही, तात्पुरत्या जागेला बिंदुनामावली लावायची नाही, म्हणजे आरक्षण रद्द न करताच संपले.

मग करायचे काय? गेल्या वर्षी आम्ही पाच जण एकेकटे न जाता एकत्र गेलो. वेगवेगळ्या जातींचे पाच जण, कारण ऑर्डर सगळ्यांचीच संपते. तोंडी विनंती केली नाही, अर्ज दिला आणि पोच घेतली. मागण्या तीन होत्या : वर्ग सुरू होण्याआधी तारखेसह ऑर्डर, शिकवण्याबाहेरच्या प्रत्येक कामाचे लेखी पत्र, आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत बिल सहसंचालक कार्यालयाकडे. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर अजून टोलवाटोलवी चालू आहे. पण लेखी पत्राची अट लागताच ‘घरची’ कामे आपोआप निम्म्यावर आली!

तुम्हीही हे करू शकता. अनुदानित महाविद्यालयाला माहितीचा अधिकार लागू आहे : मंजूर पदे किती, रिक्त किती, बिंदुनामावली कुठवर आली, हे विचारा. घेतलेल्या प्रत्येक तासाची नोंद स्वतःजवळ ठेवा. अनुभवाचा दाखला वर्ष संपतानाच घ्या, नंतर तो उपकार म्हणून मिळतो. ज्या भगिनी बाळंतपणामुळे ‘यंदा राहू दे’ ऐकतात त्यांनी लक्षात ठेवावे की करार संपला म्हणून प्रसूतीचे लाभ नाकारता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे.

काही साथी म्हणतात की ऑर्डरच्या अटींवर भांडणे म्हणजे कंत्राटीकरण मान्य करणे, मागणी एकच हवी : रिक्त जागा भरा. मागणी तीच आहे, ती सोडायची नाही. पण त्या मोर्चात यायला ज्याला जूनची भीती वाटते, त्याची भीती आधी कमी करावी लागेल. ती लेखी ऑर्डरने, पोच घेतलेल्या अर्जाने आणि बरोबर उभ्या असलेल्या चार जणांनी कमी होते. येत्या जूनमध्ये मुलाखतीच्या रांगेत पुढे कोण, मागे कोण हे आधी विचारून घ्या. नावे लिहा, फोन नंबर घ्या आणि टेबलासमोर एकत्र बसा.

जय भीम! जय संविधान!