हेल्पर म्हणजे नेमका कोण?

भोसरीच्या एमआयडीसीत किंवा चाकणला गेटावरच्या पाट्या वाचत फिरा. फिटर पाहिजे, टर्नर पाहिजे, ऑपरेटर पाहिजे आणि सगळ्यात खाली 'हेल्पर पाहिजेत'. आपल्या वस्त्यांतली पुष्कळ पोरे याच खालच्या ओळीतून कारखान्यात शिरतात.

इंग्रजीत हेल्पर म्हणजे मदत करणारा. अर्थ चांगला आहे. शेजाऱ्याचे घर शाकारायला जातो तो मदत करतो. मनात असेल तर जातो, नसेल तर जात नाही. कारखान्यातल्या हेल्परला अशी मोकळीक कुठली?

बांधकामावर याच माणसाला बिगारी म्हणतात. हा शब्द 'बेगार'वरून आला, म्हणजे मोल न देता करून घेतलेले काम. आपल्या वाडवडिलांना हे समजावून सांगावे लागले नसते. महार वतनाच्या नावाखाली गावाची आणि सरकारची पडेल ती कामे त्यांनी केली. त्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली, तिथे इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हाच शब्द आहे. म्हणून पोरगा "हेल्पर म्हणून लागलो" असे सांगतो तेव्हा आईला बिगारीपेक्षा बरे वाटते. मलाही वाटते. शब्द बदलला, हे काही थोडके नाही.

पण मी कारकून माणूस. हजेरी आणि पगारपत्रके लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली. पगारपत्रकात 'हुद्दा' नावाचा एक अरुंद रकाना असतो, आणि सगळी गोम तिथे आहे. किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली मांडले, १९४८ साली कायदा झाला, आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. त्यात दर ठरतात ते कुशल, अर्धकुशल, अकुशल असे कामाचे कसब पाहून. आणि रकान्यात 'हेल्पर' लिहिले की माणूस बहुधा अकुशलात जमा होतो.

माझ्या ओळखीचा एक कामगार नऊ वर्षे पॉवर प्रेसवर डाय बसवतो. नव्या पोरांना तोच शिकवतो. कागदावर मात्र हेल्पर. मधे तीन ठेकेदार बदलले. प्रत्येक वेळी नवे कार्ड आणि पुन्हा हेल्पर. उद्या देव न करो (आपण देव मानत नाही, पण जिभेची सवय जात नाही) प्रेसखाली बोट गेले, तर ईएसआयची भरपाईसुद्धा पगाराच्या हिशेबानेच मिळणार. मग सांगा, हा नऊ वर्षे कोणाला मदत करतो आहे?

बायांचेही तेच. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेत इंग्रजी हेल्परचे मराठी 'मदतनीस' केले. केर काढणे, आहार शिजवणे, पोरे गोळा करून आणणे या कामाला पगार नव्हे, 'मानधन'! एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यासाठी किती मोर्चे निघाले, ते आपल्या भगिनींना विचारा.

रविवारी विहारात येताना आपापली पगाराची स्लिप घेऊन या, असे मी सर्वांना सांगत असतो. मशीन कोणते चालवता, किती वर्षे, शिकवले कोणाला, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. त्या डाय बसवणाऱ्याचा अर्ज आम्ही असाच लिहिला. मशीनचा नंबर, डायचे प्रकार, नऊ वर्षांची हजेरी, सगळे त्यात घातले. दोन प्रती केल्या, एकीवर शिक्का मारून पोच घेतली. उत्तर अजून यायचे आहे.