विजापूरचा बोलका घुमट

विजापुरास जाणाऱ्या मनुष्यास तेथें पोहोंचण्यापूर्वींच एक गोष्ट ठाऊक असते. ती ही कीं, गोल घुमटांत टाळी वाजविली असतां ती सात वेळां ऐकूं येते. सोलापुराहून हें शहर सुमारें शंभर किलोमीटर. त्यामुळें आमच्या बाजूच्या शाळांच्या सहली पिढ्यान् पिढ्या तेथें जात आल्या आहेत. प्रत्येक सहल ही टाळी बरोबर घेऊन जाते आणि वाजवून परत येते. (शहराचें नांव २०१४ सालीं विजयपुर असें झालें, पण आमच्या जिभेला जुन्याच नांवाचें वळण पडलें असल्यामुळें येथें तेंच ठेविलें आहे.)

ही इमारत म्हणजे महंमद आदिलशहाचें थडगें. तो १६५६ सालीं वारला. आंतील चौरस दालनाची एक बाजू सुमारें १३५ फूट. त्यावर सुमारें १२४ फूट व्यासाचा घुमट, आणि मध्यें आधाराला एकही खांब नाहीं. चौकोनावर वर्तुळ बसवावें कसें, हा स्थपतीपुढील खरा प्रश्न. त्यानें भिंतींपासून परस्परांस छेदणाऱ्या आठ कमानी उठविल्या. त्यांच्या योगें चारही कोपरे हळूहळू आंत ओढले गेले आणि घुमटास वर्तुळाकार बैठक मिळाली. वाटाडे हा घुमट ‘जगांत दुसरा’ म्हणून सांगतात. नव्या काळच्या पोलादी व काँक्रीटच्या घुमटांनीं तो मान केव्हांच हिरावून नेला आहे. पण त्या कमानींकडे मान वर करून पाहणारास क्रमांकाची आठवण राहत नाहीं. चौथऱ्यावर ज्या कबरी दिसतात त्या केवळ खुणेच्या. खरीं थडगीं खालीं तळघरांत आहेत.

थडग्यावर गोंगाट करूं नये, असा उपदेश करण्याचा आमचा विचार नाहीं. पोरांना घुमट दाखवावा आणि गप्प बसा म्हणून सांगावें, हा अन्याय होईल. आमची तक्रार निराळीच आहे. एकानें टाळी वाजवावी, तिचा दुसरा प्रतिध्वनि येतो न येतो तोंच दुसऱ्यानें शीळ घालावी, तिच्यावर तिसऱ्यानें आपलेंच नांव ओरडावें, असा प्रकार तेथें दुपारभर चाललेला असतो. सात प्रतिध्वनि येतात हें सर्वांस ठाऊक. सातवा ऐकावयास थांबलेला मनुष्य मात्र आमच्या दृष्टीस क्वचितच पडला.

गेल्या हिवाळ्यांत आमच्याबरोबर आमचे एक जुने स्नेही होते. पंचवीस वर्षें आम्हीं भिंतीला भिंत लागून असलेल्या वर्गांत शिकविलें; ते आमच्याआधीं निवृत्त झाले. अलीकडे त्यांचे कान फारच मंद झाले आहेत. कानाचें यंत्र त्यांना सोसत नाहीं; त्यांत सगळेंच मोठें होतें आणि नको तें आधीं मोठें होतें, असें ते म्हणतात. ओरडून बोलावें लागलें म्हणजे मनुष्य कामापुरतें बोलूं लागतो. ‘चहा घेतां काय?’ हें ओरडून विचारतां येतें. थट्टा ओरडून करतां येत नाहीं, आणि मनांतील एखादी शंका तर मुळींच बोलून दाखवितां येत नाहीं. आमच्या मैत्रींतील जें जें हळू बोलावयाचें होतें, तें सर्व दोन-तीन वर्षांत असें आटत आलें होतें.

दार उघडतांच आम्ही आंत शिरलों. कोपऱ्यांतील मनोऱ्याचा अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना सात मजले चढून जाण्यास आम्हां दोघांस बराच वेळ लागला. घुमटाच्या आंतून फिरणारा सज्जा जमिनीपासून शंभर फुटांहून उंच आहे. स्नेह्यांना एका बाजूस भिंतीशीं बसवून आम्ही वळसा घेत बरोबर समोर गेलों. अशा सज्ज्यांत आवाज मधली पोकळी ओलांडून नव्हे, तर वक्र भिंतीच्या कडेकडेनें सरकत जातो. लंडन येथील सेंट पॉल देवालयाच्या सज्ज्यावरून लॉर्ड रेले यांनीं याची उपपत्ति बसविली, आणि पुढें रामन यांनीं आपल्या देशांतील अशा वास्तूंचें निरीक्षण केलें, त्यांत हा घुमटही होता. हें सर्व आम्हांस वाचून ठाऊक होतें. भिंतीकडे तोंड करून आम्हीं नेहमींच्या बेतानें विचारलें, ‘पायऱ्या फार झाल्या काय?’

उत्तर अगदीं कानाशीं आलें. ‘पायऱ्यांचें राहूं द्या. तुमचा आवाज म्हातारा झाला कीं हो!’

पुढें दहा-पंधरा मिनिटें आम्ही बोलत होतों. काय बोललों, तें वाचकांच्या उपयोगाचें नाहीं. एका दिवंगत सहकाऱ्याची त्यांनीं केलेली नक्कल पूर्वीइतकीच हुबेहूब होती, एवढें नमूद करण्यास हरकत नाहीं. आणि एक प्रश्न त्यांनीं असा विचारला कीं, जो आमच्या अंगणांत बसून त्यांनीं कधींच विचारला नसता. आम्हीं त्याचें उत्तर दिलें. मग जिन्यांतून पहिली शीळ आली, तिच्यामागून पन्नास-साठ मुलें आलीं, आणि पलीकडे आमचे स्नेही धोतराचा सोगा सांवरून उठतांना दिसले.

महंमदाचा बाप दुसरा इब्राहीम हा गाण्याचा मोठा शौकी. ‘किताब-ए-नौरस’ या गीतसंग्रहाचा कर्ता. तो १६२७ सालीं वारला. त्याचा रौजा आकारानें लहान, पण त्याच्या खिडक्यांच्या जाळ्या दगडांत कोरलेल्या अक्षरांच्या आहेत. आमचें मत विचाराल तर शिल्प म्हणून तोच सरस.

संध्याकाळीं तटावर मलिक-ए-मैदान तोफ पाहिली. ती १५४९ सालीं अहमदनगरास ओतली गेली व १६३२ सालीं विजापुरास आली. १८५४ सालीं सरकारनें निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव मांडला, तेव्हां सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची आली. सुदैवानें विक्री रद्द झाली. शेजारीं पाण्याचें टांकें आहे. बत्ती देणारा गोलंदाज लगेच त्यांत बुडी मारी, अशी कथा वाटाड्या रंगवून सांगत होता.

‘काय म्हणतो हा?’ स्नेह्यांनीं विचारलें.

‘बहिरा होऊं नये म्हणून पाण्यांत उडी मारी!’ आम्ही ओरडलों.

‘कोण?’

‘गोलंदाज!’

तटाखालीं चरणाऱ्या शेळ्यांनीं माना वर करून आमच्याकडे पाहिलें.