चिकाची वाटी

सेमिस्टर संपवून आरोंद्याला पोचलो, त्याच रात्री ताईच्या पोटात दुखू लागलं. दिवस भरायला अजून दीड महिना बाकी! किरणपाण्याचा पूल ओलांडून गोव्यातल्या हॉस्पिटलात नेलं आणि पहाटे भाची झाली. वजन दीड किलो. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

दुपारी आजी ताईला म्हणाली, "पयलो चीक जड असता गो, पोराक बाधता. पिळून उडव." ताईनं निमूटपणे वाटीत चीक काढला आणि मी तो बेसिनमध्ये ओतून आलो. सिस्टरनं पाहिलं, आणि आम्हा तिघांची अशी हजेरी घेतली की विचारू नका! त्यानंतरचा थेंब न् थेंब नळीवाटे बाळाच्या पोटात गेला.

बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या मी वाचायला लागलो. त्या वाटीत असं होतं तरी काय? अँटिबॉडी, पांढऱ्या पेशी हे बारावीत पाठ केलेलं. नवीन होते ते एक्सोसोम. पेशी बाहेर सोडतात ते इवलेसे बुडबुडे, ३० ते १५० नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत पाचशे सहज एका रांगेत बसतील. आपल्या कॉम्प्युटरवाल्यांनी नेटवर्कमधलं पॅकेट आठवावं. आत माल, म्हणजे प्रथिनं आणि आरएनए. बाहेर पत्ता, म्हणजे आवरणावरची प्रथिनं. ज्या पेशीला ते मिळतं, तिचं वागणं बदलू शकतं.

गंमत म्हणजे १९८३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन गटांना हे बुडबुडे अपक्व लाल पेशींतून बाहेर पडताना दिसले, तेव्हा तो पेशीनं टाकलेला कचराच वाटला! १९९६ मध्ये कळलं की बी-पेशींचे एक्सोसोम टी-पेशींना जागं करतात. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांना ते चिकात आणि आईच्या दुधात सापडले. प्रयोगशाळेत त्यांनी टी-पेशींचा भडका कमी केला आणि आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढवल्या. नवजात आतड्यात एकदम जंतूंची गर्दी होते. दिसेल त्याच्यावर तुटून पडायचं नाही, हेही शरीराला शिकावं लागतं. बाळाच्या पोटात हे नेमकं किती घडतं, त्याचा शोध चालू आहे.

पण सगळं कळेपर्यंत थांबायचं नसतं. १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. त्यात काही गुण जातात, तरी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याच्या जीवघेण्या आजारापासून ते डब्याच्या दुधापेक्षा जास्त जपतं. त्या वेळी दुधातल्या एक्सोसोमचा कुणाला पत्ताही नव्हता!

उलट घाईही नको. कॅन्सरच्या गाठीसुद्धा अशीच पाकिटं सोडून आपल्या लढाऊ पेशींना थोपवतात, हे २०१८ मध्ये दिसलं. या पाकिटांत औषध भरून पाठवण्याचे प्रयोग चालू आहेत. मात्र अमेरिकेच्या एफडीएनं आजवर एकाही एक्सोसोम उपचाराला मंजुरी दिलेली नाही. तरी "एक्सोसोम थेरपी"च्या जाहिराती जोरात आहेत.

हे सगळं मी रात्री आजीला उत्साहानं सांगितलं. ती गप्प झाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मगे माझ्या पयल्या झिलाचो चीक मियाच उडयलंय रे..."

तिचा पहिला मुलगा पंधराव्या दिवशी गेला होता. घरात कुणी तो विषय काढत नाही. व्हायवात गप्प बसलोय तसा मी गप्प. मग म्हटलं, "आजी, एका वाटीवर कुणाचं मरण ठरत नाही. तेव्हा दवाखाना किती लांब होता! आणि ज्या शास्त्रज्ञांनी हे शोधलं, त्यांनाही आधी तो कचराच वाटला होता."

"म्हणजे त्या शिकलेल्यांकव कळूक नाय?"

"नाही कळलं."

ती काही बोलली नाही, पण माझा हात धरून बसली.

तेविसाव्या दिवशी भाची आरोंद्याला आली. मी हॉस्टेलला परत निघालो, तेव्हा वाड्यातल्या एका पोटुशीला आजी अंगणातून ओरडून सांगत होती, "चीक उडव नको हां गो!"