सालबर्डीचे ऊन पाणी

वऱ्हाडच्या उत्तरेला सातपुड्याची जी निळसर भिंत दिसते, तिच्या पायथ्याशी मोर्शी तालुक्यात सालबर्डी नावाचे गाव आहे. अमरावती-अकोल्याकडची कुटुंबे सातपुड्याकडे निघाली म्हणजे बहुधा चिखलदऱ्याची थंड हवा किंवा मुक्तागिरीची वंदना एवढ्यावर प्रवास संपवितात. सालबर्डीचे नाव महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे कानावर असते. परंतु त्या डोंगरात जमिनीच्या पोटातून ऊन पाणी वर येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोकणात वज्रेश्वरी, उन्हेरे, उन्हवरे, राजापूर अशी ऊन पाण्याची ठिकाणे जागोजागी आहेत. जळगाव जिल्ह्यात उनपदेव आहे, पैनगंगेच्या काठी किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. या नावांत दडलेला ‘ऊन’ हा शब्द पाण्याच्या उष्णतेचाच आहे. सालबर्डीच्या नावात तो नाही आणि गावाची प्रसिद्धीही तशी नाही. कदाचित म्हणूनच तेथील झरा आजही यात्रेच्या गर्दीबाहेर वर्षाचे बरेच दिवस एकांतात वाहतो.

अकोल्याहून निघणाऱ्यास प्रवासाचा पहिला टप्पा अत्यंत सुखाचा लाभतो. २०२२ च्या जून महिन्यात अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या रस्त्यावर गाडी चालविणाऱ्याला पुढचा मार्गही असाच असेल असे वाटू लागते. अमरावतीहून मोर्शीपर्यंतही फारशी तक्रार करण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात, आंबिया बहराच्या दिवसांत रस्त्याकडेला फळांचे ढीग आणि क्रेट भरणारे मजूर दिसतात. मोर्शी सोडून डोंगराकडे वळल्यावर मात्र रस्ता अरुंद होतो, वेग आपोआप उतरतो, आणि गावापुढे तर गाडी सोडून पायीच निघावे लागते.

पायवाट नदीच्या सोबतीने चालते. डोंगरातून उतरणारी ही नदी पावसाळ्यात खवळते आणि उन्हाळ्यात दगडांपुरती उरते. वाटेत साग, पळस, मोह यांचे रान आहे. नदीकाठी अर्जुनाची पांढऱ्या खोडाची झाडे उभी आहेत. गोटे गुळगुळीत आहेत. शहरी चपला घालून निघालेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांतच आपल्या पादत्राणांची किंमत कळते. घरातील वडीलधाऱ्यांना सोबत नेताना त्यांच्या गुडघ्यांचा विचार आधी करावा. काठी जवळ असावी, आणि चालण्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवावा.

गाव दोन राज्यांच्या सीमेवर आहे. एका अंगाला महाराष्ट्राचा अमरावती जिल्हा, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेशचा बैतूल जिल्हा. ही रेघ जुनी आहे. १८५३ पासून वऱ्हाड हा निजामाचा मुलूख इंग्रजांच्या कारभारात होता, तर बैतूल ब्रिटिश मुलखात. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात आला. डोंगर, जंगल आणि पाणी यांना यांतले काहीच ठाऊक नाही. नदीकाठी वऱ्हाडी, हिंदी, कोरकू आणि गोंडी अशा चार बोली एकाच बाजारात चालतात.

महाशिवरात्रीला डोंगरातील गुहेत असलेल्या महादेवाच्या दर्शनाला मोठी यात्रा भरते. पचमढीच्या महादेवाला जाणे ज्यांना जमत नाही, ते सालबर्डीला येतात. म्हणून यास ‘छोटा महादेव’ असेही म्हणतात. महानुभाव पंथालाही हा डोंगर पूज्य आहे. मोर्शी तालुक्यातीलच रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य होते, आणि त्यांच्या भेटीनंतर श्रीचक्रधरस्वामी दीर्घ एकांतासाठी सालबर्डीच्या डोंगरात राहिले, अशी परंपरा आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त स्वामींच्या एकांतकाळाच्या लीळा आहेत. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा स्वामींच्या आश्रयाला आला आणि त्यांनी त्याला अभय दिले, ही त्यांपैकीच एक. अहिंसेचा संस्कार घेऊन वाढलेल्या वाचकाला ती परकी वाटणार नाही.

आता झऱ्याकडे वळू. ज्वालामुखी नाही, आग नाही, मग पाणी तापते कसे, हा प्रश्न लहान मुले हमखास विचारतात आणि मोठे ‘गंधकामुळे’ असे उत्तर देऊन मोकळे होतात. ते उत्तर बरोबर नाही. गंधकाचा वास पाण्याला असू शकतो, पण उष्णता जमिनीची आहे. जमिनीत जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढते. साधारणपणे दर किलोमीटरला पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तेथे तापते, वाटेत खनिजे विरघळवून घेते आणि एखादी मोठी भेग सापडली की दाबाने पुन्हा वर येते. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी अशी एक फार मोठी भेग आहे. भूशास्त्रज्ञ तिला गाविलगड प्रस्तरभंग म्हणतात. सालबर्डी त्याच पट्ट्यात आहे.

या भेगेमुळे येथे आणखी एक गोष्ट घडली आहे. वऱ्हाडात बहुतेक ठिकाणी जमिनीखाली काळा पाषाणच आहे, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांनी सारा मुलूख झाकला गेला. सालबर्डीच्या परिसरात मात्र त्याखालचे जुने खडक उघडे पडले आहेत. त्यांतील लॅमेटा नावाच्या थरांत अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांना महाकाय डायनासोरांचे अवशेष आढळले आहेत. याच डोंगररांगेत प्राचीन माणसाने शैलाश्रयांच्या भिंतींवर काढलेली चित्रे २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमी अभ्यासकांनी उजेडात आणली. ज्या घळीत आज एक कुटुंब डबा उघडून बसते, तेथे इतक्या काळाच्या खुणा एकावर एक रचलेल्या आहेत.

ऊन पाण्याच्या झऱ्यांविषयी जैन वाङ्मयातही फार जुना उल्लेख सापडतो. श्वेतांबर आगमांतील भगवतीसूत्राच्या दुसऱ्या शतकात राजगृहाजवळच्या वैभार पर्वतातील झऱ्याची चर्चा आहे. डोंगराखाली एक प्रचंड जलाशय असून त्यातून हे ऊन पाणी वाहते, असे इतर मतांचे लोक सांगत. गौतमस्वामींनी त्याविषयी विचारल्यावर भगवान महावीरांनी ते मत नाकारले. तेथे ‘महातपोपतीरप्रभव’ नावाचा झरा आहे आणि त्यात उष्णयोनिक जीव पाण्याच्या रूपाने उत्पन्न होतात, असे उत्तर तेथे दिलेले आहे. राजगीरचे ते झरे आजही वाहतात. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की, निसर्गाने तापविलेले पाणी हे चुलीवर उकळलेल्या पाण्याच्या जागी धरता येत नाही. उकळलेले पाणी पिण्याचा नियम असणाऱ्यांनी ते घरूनच न्यावे.

आरोग्याविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. कातडीचे विकार, संधिवात, जुनी दुखणी या झऱ्यांनी बरी होतात, अशी श्रद्धा सर्वत्र आहे. उनकेश्वरला तर त्यासाठी दूरदूरचे रुग्ण येतात. ऊन पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात आणि काही काळ वेदना कमी होतात, हे खरे. मात्र त्या आशेवर डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करणे घातक आहे. हृदयरोगी, रक्तदाबाचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ऊन पाण्यात उतरू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना पाणी किती कढत आहे हे कळत नाही आणि पाय पोळतो. अशांसाठी पाण्याची उष्णता घरातील दुसऱ्या कोणी कोपराने पाहावी. उघडी जखम असलेल्यांनी बाहेरच बसावे. साचलेल्या ऊन पाण्यात क्वचित मेंदूला इजा करणारा सूक्ष्म जीव असतो, तो नाकावाटे शिरतो. म्हणून डोके बुडवू नये आणि मुलांना उड्या मारू देऊ नयेत.

जाण्यास नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात नदीला अचानक पूर येतो. डोंगरावर पाऊस पडत असला तर पायथ्याशी ऊन पडलेले असूनही नदी ओलांडू नये. मे महिन्यातल्या वऱ्हाडच्या उन्हात दगडांची ती वाट वृद्धांना सोसणारी नाही. यात्रेच्या दिवसांत भाविकांची गर्दी असते. निवांतपणा हवा असेल त्यांनी ते दिवस टाळावेत. मुक्तागिरीची वंदना आणि सालबर्डी असा दोन दिवसांचा कार्यक्रम परतवाडा-मोर्शी मार्गाने सहज बसतो. रानातून अंधारापूर्वी बाहेर पडावे लागते, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची ज्या घरांत रीत आहे त्यांना हे वेळापत्रक वेगळे आखावे लागत नाही. दशम्या, कोरडी चटणी, खाकरे असे टिकाऊ जिन्नस सोबत असावेत, कारण वाटेत दुकानाची खात्री धरता येत नाही.

झऱ्याचा विचार करताना खाली पसरलेल्या मुलखाचा विसर पडू देता येत नाही. मोर्शी-वरुडच्या संत्र्याने वऱ्हाडात पैसा आणला. त्या संत्र्याच्या व्यापारावर, खते-औषधांच्या दुकानांवर आणि अडतीवर कितीतरी घरे उभी राहिली. त्याच पट्ट्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक होऊन बसला आहे. विहीर आटली म्हणून कूपनलिका, ती आटली म्हणून आणखी खोल दुसरी, असा क्रम कित्येक बागाईतदारांनी कर्ज काढून पाहिला आणि तरीही बाग वाळताना पाहिली. ठेवीच्या व्याजावर संसार चालविण्याऐवजी मुद्दलालाच हात घातला, तर काय होते हे व्यापारी माणसाला सांगावे लागत नाही. जमिनीतील पाणीही तशीच ठेव आहे. सातपुड्यावर पडणारा पाऊस हा तिचा भरणा, आणि झरा हे वर्षानुवर्षे मिळत आलेले व्याज.

म्हणूनच झऱ्याशी वागताना जुन्या घरांतील एक रीत आठवावी. पाणी गाळल्यावर गळण्यात राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत सांभाळून परत सोडली जाई. एका विहिरीची जिवाणी दुसरीत टाकणेही चालत नसे. त्या रीतीमागे एक साधी समज होती: पाण्याकडून घ्यायचे ते गरजेपुरते, आणि जे त्याचे आहे ते त्याच्याच जागी सुखरूप परत करायचे. गळणे आज अनेक घरांतून गेले आणि त्याजागी यंत्र आले. ती समज मात्र यंत्राबरोबर येत नाही, ती घरातल्यांनीच द्यावी लागते. सालबर्डीच्या झऱ्यावर साबण, शाम्पू किंवा तेल लावून उतरणे, कपडे धुणे, निर्माल्य आणि प्लास्टिक टाकणे, हे तेथील जीवांवर आणि खालच्या गावात ते पाणी वापरणाऱ्यांवर सारखेच अन्यायाचे आहे. रिकाम्या बाटल्या व पिशव्या ज्या गाडीतून आल्या त्याच गाडीतून परत न्याव्यात. दोन राज्यांच्या सीमेवरील जागेची स्वच्छता कोणाकडे, हा वाद कार्यालयांत चालू शकतो. झऱ्याच्या काठी उभ्या असलेल्या कुटुंबापुरता त्याचा निकाल लागलेला असतो. दोन पिढ्यांनी ही वाट एकत्र चालावी आणि परतताना मुलांच्या हाती पिशवी द्यावी, हीच सालबर्डीच्या यात्रेची खरी सांगता.