मांड सुटल्यानंतर

शो जम्पिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अश्वक्रीडेत घोड्याने ठरलेल्या क्रमाने अडथळे ओलांडायचे असतात आणि एखादी दांडी खाली पडली की स्वाराच्या खात्यावर 4 दोषांक चढतात. हिशेब असा रोकडा असला, तरी त्यामागे असलेला माणूस आणि जनावर यांच्यातला व्यवहार तितका सरळ नाही. या दांड्या आधारावर नुसत्या टेकवलेल्या असतात, त्यामुळे खुराचा निसटता धक्काही त्यांना पुरतो. ज्या घोड्याला असा धक्का बसल्याचे काही वाटत नाही तो निर्धास्तपणे दौडतो आणि दांड्या पाडत जातो; ज्याला त्याची धास्ती असते तो पाय पोटाशी घेऊन गरजेपेक्षाही उंच उडतो, पण तोच घोडा फडफडणाऱ्या कापडाला बुजतो, लगामाला जरा ओढ बसली की मान झुगारतो आणि अनोळखी हाताला पागेत जवळ येऊ देत नाही. स्पर्धेला जो हळवेपणा हवा असतो, तोच रोजच्या वागण्यात खोड म्हणून समोर येतो, आणि खोड मोडायला गेलेला स्वार बहुधा गुणही मोडून बसतो.

या कोड्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 1945 साली जर्मनीतील डार्मश्टाट येथे जन्मलेली हाला ही घोडी. तिचा बाप ओबर्स्ट हा दुडक्या चालीच्या शर्यतींसाठी पैदास केलेल्या जातीचा होता आणि आईच्या कुळाची खात्रीची माहिती नव्हती; म्हणजे उंच उड्या मारणारी घोडी जन्मावी असा काही योग वंशावळीत दिसत नव्हता. प्रथम तिला अडथळ्यांच्या शर्यतीत धावायला लावले गेले, नंतर ऑलिम्पिकच्या तयारीसाठी जाणत्या स्वारांच्या हाती दिले गेले, आणि ही घोडी आवरण्यापलीकडची आहे असा शेरा मारून त्यांनी ती परत केली. 1951 मध्ये ती हान्स गुंटर विंकलर या पंचविशीतल्या स्वाराकडे आली. मालकी मात्र गुस्ताव फीर्लिंग यांचीच राहिली. मराठेशाहीच्या फौजेत स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि दुसऱ्याने दिलेल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, या हिशेबाने जगातला हा नामांकित स्वार बारगीरच ठरतो.

विंकलरपुढची अडचण समजण्यासाठी उडीची घडण पाहावी लागते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण कपाळासमोरची आणि नाकाखालची थोडी जागा त्याच्या नजरेतून सुटते. उडीसाठी तो जमीन सोडतो तेव्हा पायाखालचा अडथळा त्याला नीट दिसत नाही, काही पावले आधी जे पाहिले त्याच्या भरवशावर तो हवेत झेपावतो. कॅंटर म्हणजे तीन ठेक्यांची मोकळी दौड. तीत घोड्याची एक ढेंग साधारण साडेतीन मीटरची असते आणि ती जरा लांबवून वा आखडून घोड्याला नेमक्या जागी आणून सोडणे हे स्वाराचे काम. त्यासाठी स्वार लगाम क्षणभर आवळून सोडतो, पाठीचा भार मागे घेतो आणि मांडीची पकड घट्ट करतो. साध्या घोड्याला या खुणा मदतीच्या वाटतात. हालासारख्या घोडीला त्यांतली प्रत्येक खूण जास्तीची वाटते, कारण पाठीवर बसलेली माशीसुद्धा जिला कळते तिला स्वाराची शंका खोगिरातून कळायला वेळ लागत नाही. अशा घोडीवर बसणाऱ्याला काय करावे यापेक्षा काय करू नये हेच आधी शिकावे लागते, आणि हाताचा धाक ज्यांच्या अंगवळणी पडलेला असतो त्यांना हे शिक्षण सर्वांत जड जाते; ऑलिम्पिकच्या तयारीत हात टेकलेल्या स्वारांना फार दोष देता येत नाही तो यामुळेच. 1954 मध्ये माद्रिदला विंकलर तिच्यासह जगज्जेता झाला. त्या काळी जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत उरलेल्या चौघांनी एकमेकांच्या घोड्यांवर बसायचे असा नियम होता. स्वार आणि घोडा वेगवेगळे मोजता येतात असे हा नियम गृहीत धरत असे. दोन वर्षांनी हे गृहीतक पणाला लागले.

1956 चे ऑलिम्पिक मेलबर्नला होते, पण परदेशी घोड्यांसाठी ऑस्ट्रेलियात विलग्नवासाचे नियम फार कडक असल्याने अश्वक्रीडा जूनमध्ये स्टॉकहोमला उरकण्यात आल्या. पहिल्या फेरीत शेवटून दुसऱ्या अडथळ्यापाशी हालाने फार लवकर झेप घेतली, विंकलर खोगिरातून वर फेकला गेला आणि जोरात परत आदळला. त्यात त्याच्या जांघेतला स्नायू फाटला. पुढच्या, म्हणजे अखेरच्या अडथळ्याची दांडी पडली. जर्मनीच्या संघात स्वार तीनच होते आणि तिघांचेही दोषांक धरले जाणार असल्याने एकाने माघार घेतली असती तर संघच बाद झाला असता. वेदनाशामक औषध भरपूर द्यावे तर अडथळ्यांचा क्रमही सुचू नये अशी गुंगी यायची. अखेर त्याला उचलून घोडीवर बसवण्यात आले. स्वाराची मांड ज्या स्नायूवर ठरते तोच निकामी झाला होता, त्यामुळे घोडीला अडथळ्याच्या दिशेने वळवून देण्यापलीकडे त्याच्याकडून फारसे काही होणार नव्हते. प्रत्येक उडीला तो वेदनेने कळवळत होता आणि घोडी मात्र दांड्या जागच्या जागी ठेवत पुढे जात होती. दुसरी फेरी निर्दोष झाली. एकूण 4 दोषांकांवर विंकलरला वैयक्तिक सुवर्ण मिळाले, 8 दोषांकांसह इटलीचा रायमोन्दो दिन्झेओ दुसरा आला, आणि सांघिक सुवर्णही 40 दोषांकांवर जर्मनीकडे गेले.

घोडीने आपल्या जखमी स्वाराला सांभाळून नेले, अशीच ही हकीकत आजवर सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याचा गळा दाटून येतो. या सांगण्यातला भाव खोटा नाही, पण त्यामुळे आधीची पाच वर्षे झाकली जातात. जनावराला दया कळते की नाही हा वाद येथे सोडून दिला, तरी इतके म्हणता येते की पाठीवरचा भार बदलला आहे, मांडीची पकड नाहीशी झाली आहे आणि कानावर अनोळखी आवाज पडतो आहे, हे हालासारख्या घोडीला पहिल्या ढेंगेतच कळले असणार. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत एवढ्या कारणाने ती उधळली असती. ती उधळली नाही, कारण अंतर तिचे तिने ठरवावे आणि स्वाराने वाटेतून बाजूला राहावे, याची सवय दोघांनाही पाच वर्षांत थोडी थोडी लागत आली होती, आणि दुखापतीने ती सवय एका दुपारपुरती पूर्णत्वाला नेली. हुकूमत आणि स्वाधीनता यांतले अंतर अश्वविद्येवरच्या ग्रंथांत ठळक दाखवलेले असते. स्टॉकहोमच्या मैदानावर कोण कोणाच्या स्वाधीन होते हे सांगणे मात्र अवघड आहे.

1960 मध्ये रोमला तिने आणखी एक सांघिक सुवर्ण मिळवून दिले आणि ती निवृत्त झाली. जर्मन अश्वक्रीडा संघटनेने ते नाव पुन्हा कोणत्याही स्पर्धेच्या घोड्याला न देण्याचे ठरवले. पुढे तिला शिंगरे झाली, पण तिच्या तोडीचे एकही निघाले नाही. 1979 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ती गेली. विंकलरने इतर घोड्यांवर बसून 1964 आणि 1972 मध्येही संघासाठी ऑलिम्पिक सुवर्णे मिळवली; वैयक्तिक सुवर्ण त्याला पुन्हा कधीच मिळाले नाही.