धोट्यातली कांडी

प्रिय मनू,

काल रात्री अकराला तुझे एकापाठोपाठ फोटो आले. तीन रॉड, तीन रिळं, आणि खाली एवढंच: "मामा, यातलं कुठलं घेऊ?" दोन वर्षांत तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न. दिवाळीला पणतीचं चित्र येतं, ते मी धरत नाही. चष्मा शोधला, फोटो मोठे करकरून पाहिले, दिवा मालवला, आणि मग झोप काही आली नाही. फोनवर टाइप करायला माझी बोटं जाड आहेत, म्हणून कागद घेतला. ताईला म्हणावं, पत्र आलंय, घाबरू नकोस, सगळे बरे आहेत.

तिन्ही नकोत.

रागावू नकोस. पहिला बारा फुटांचा आहे. तो पुळणीवर उभं राहून लाटांच्या पलीकडे फेकायचा. भाट्याच्या पुळणीवर तो शोभेल, पण तू उभी राहणार मांडवीच्या धक्क्यावर नाहीतर खाडीच्या कडेला. तिथे बारा फूट म्हणजे घरात शिडी फिरवण्यासारखं. दुसरा एकात एक सरकणारा, पिशवीत मावणारा. दिसायला गोड, पण त्याच्या सांध्यात वाळू शिरली की उघडेना आणि मिटेना. आणि तिसरा, तो लाल, तुला सगळ्यात आवडलेला (आवडलाय ना? त्याचा फोटो तू दोनदा पाठवलायस), त्याच्यावरचं रीळ म्हणजे बेटकास्टर. त्याच्याशी माझं जुनं वैर आहे.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट. 1994 साली मी पहिल्या पगारवाढीच्या पैशांनी मुंबईहून असलंच एक घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, "कुठला मासा धरणार?" मी म्हटलं, "जिताडा." त्याने माझ्याकडे न बघता सगळ्यात महाग रॉड काढला. संध्याकाळी मांडवीला आप्पांच्या शेजारी ऐटीत उभा राहिलो. आप्पांकडे नेहमीची फळी, तिच्यावर गुंडाळलेलं तंगूस, टोकाला शिसं आणि गरी. मी रॉड मागे नेला, जोरात फेकला, आणि रिळातून पाखराच्या घरट्याएवढा गुंता बाहेर आला. बेटकास्टरचं असं असतं बघ, फेकताना त्याची फिरकी स्वतः गरागरा फिरते. शिसं हवेत मंदावलं तरी फिरकी थांबत नाही, दोरा सोडतच राहते. अंगठ्याने तिला वेळेवर दाबावं लागतं, आणि तो अंगठा तयार व्हायला वर्ष जातं. मी अंधार पडेपर्यंत गुंता सोडवत बसलो. आप्पांनी तेवढ्यात तीन पालू काढले. बोलले काहीच नाहीत. घरी निघताना फक्त खिशातला चाकू पुढे केला. ते न बोलणं तुला माहीत आहेच.

पुढच्या वर्षी मी दुसरं रीळ आणलं, साधं, स्पिनिंगचं. आप्पांनी ते हातात घेतलं, तारेची कमान उलटी केली, दोऱ्याचं टोक धरून हळूच ओढलं. दोरा सुर्रकन निघाला, फिरकी जागची हलली नाही. पुन्हा ओढलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, ही तर धोट्यातली कांडी!"

तुला धोटा कुठून माहीत असणार? मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून निसटत जातं. म्हणून धोटा कितीही वेगाने जावो, गुंता होत नाही. आप्पा लालबागच्या गिरणीत वीस वर्षं साचाखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले एक आप्पा. संप संपला असं कधी कुणी सांगितलं नाही, आणि आप्पा ट्रंक घेऊन रत्नागिरीला आले ते कायमचे. त्यानंतर गिरणीचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं ते त्या संध्याकाळी, रीळ हातात असताना.

आता गंमत ऐक. हे रीळ कुणी काढलं हे मला कळलं तोवर आप्पा गेले होते. इंग्लंडात ब्रॅडफर्डकडच्या लोकरीच्या गिरणीवाल्या घराण्यातला अल्फ्रेड इलिंगवर्थ नावाचा एक गृहस्थ. 1905 साली त्याने पेटंट घेतलं. म्हणजे युक्ती गिरणीतलीच, आणि काढणारा मालक! आप्पांना हे सांगायचं राहून गेलं. काय म्हणाले असते? "चला, मालकाकडून काहीतरी मिळालं"?

तर स्पिनिंगचं रीळ घे. तुझ्यासाठी आणखी एक कारण आहे. त्याची मूठ काढून हवी त्या बाजूला लावता येते. तू डावरी. ताटावर आजी तुझा हात धरून उजवा करायची आणि तू पानावरून उठून जायचीस, आठवतं? इथे कुणी हात धरणार नाही. डाव्या हाताने फेक, उजव्याने मूठ फिरव. बेटकास्टर विकत घेतानाच डावा की उजवा ठरवावा लागतो, मग बदलता येत नाही.

माप तीन हजार किंवा चार हजार नंबरचं. हे नंबर प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने देते, म्हणून हातात धरून बघ. डब्यावर "तेरा बेअरिंग" लिहिलेलं असेल तर भाळू नकोस. चार चांगली बेअरिंग तेरा भिकार बेअरिंगांना भारी पडतात. मूठ सावकाश फिरव, कुठे खरखर लागते का, मूठ लडबडते का, एवढं पुरे. बायका भाजीवाल्याकडे नारळ कानाशी हलवून घेतात, तसं. ऑनलाइन मागवून हे होत नाही, पण तुम्ही दुकानात जाल तेव्हा ना.

रॉड सात ते आठ फुटी, मध्यम ताकदीचा, दोन तुकड्यांचा. दोन तुकड्यांचा का? एसटीत सात फुटांची काठी घेऊन बसलीस तर कंडक्टर तिचंही तिकीट मागेल. मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, दहा ते तीस ग्रॅम, आठ ते पंधरा पौंड असं काहीतरी. लोक रॉडचा रंग बघतात आणि हे वाचत नाहीत. शिसं आणि कोळंबी मिळून जे वजन होईल ते त्या ग्रॅममध्ये बसलं पाहिजे. कमी पडलं तर फेक जात नाही, जास्त झालं तर टोक मोडतं. कार्बनचा रॉड हलका, माशाचा चिमटा लगेच कळतो, पण दगडावर आपटला की कधीतरी ऐन वेळी कट्कन जातो. आणि कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली नको, ढग गडगडायला लागले की आधी रॉड खाली ठेवायचा. तू वस्तू कशा हाताळतेस ते मी पाहिलंय, माझी सायकल अजून वाकडी आहे. पहिला फायबरचा किंवा मिश्र घे. दोन्ही मिळून तीन-चार हजारांच्या वर जाऊ नकोस. उरलेले पैसे एसटीला ठेव.

दोरा साधाच, आपलं तंगूस, बारा पौंडी. विणलेला दोरा बारीक आणि मजबूत असतो हे खरं, पण त्याला ताण म्हणून नाही. चूक झाली की तो बोट कापतो किंवा गाठ घालतो. तंगूस ताणतं, चूक पोटात घालतं. फिरकीवर भरताना काठापासून दोन-तीन मिलिमीटर रिकामं सोड. जास्त भरलंस तर वेटोळी सुटतात, कमी भरलंस तर दूर जात नाही. ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरा किती जोरावर सुटायचा ते. दोरा तुटायच्या ताकदीच्या चौथाई ते तिसरा हिस्सा ठेवायचा. बारा पौंडीला दीड किलोच्या आसपास. बॅग तोलायचा काटा आहे ना तुझ्याकडे? दोरा त्याला अडकव आणि ओढून बघ.

गऱ्यांचे नंबर मात्र उलटे असतात, आठपेक्षा चार मोठी. ते मी आणून ठेवीन.

हे सगळं कशासाठी सांगतोय? आप्पांकडे यातलं काही नव्हतं, फळी आणि बोट एवढंच. तर्जनीवरून तंगूस गेलेलं असायचं, आणि मासा कोळंबीला नुसता हुंगून गेला तरी त्यांना कळायचं. मी एकदा विचारलं, कसं कळतं? म्हणाले, मागावर सूत तुटायच्या आधी बोटाला कळतं, तसंच. दुकानात गेलीस की रीळ खाली धर, कमान उघडायच्या आधी दोरा तर्जनीवर घे आणि टोकाला दुकानदाराला हळूच ओढायला सांग. डोळे मिट. बोटाला कळलं तर तो रॉड तुझा. हसला दुकानदार तर हसू दे.

तुझी तर्जनी आठवते मला. तू दहा वर्षांची, मे महिना. आप्पांनी तंगूस तुझ्या हातात दिलं आणि तू शिंगाळा काढलास. पकडू नको म्हणेपर्यंत पकडलास, आणि काटा बोटात. अख्खा धक्का डोक्यावर घेतलास. आप्पांनी तुला उचलून चहावाल्याकडे नेलं, सोसवेल इतक्या कढत पाण्यात हात बुडवून अर्धा तास धरून बसले. काट्यातलं विष उष्णतेने उतरतं हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. रडणं थांबल्यावर तू पहिलं काय विचारलंस? "माझा मासा कुठाय?"

तीच तू आप्पांच्या बाराव्याला सकाळी आलीस आणि तेराव्याला दुपारच्या गाडीने गेलीस. ऑफिस होतं, माहीत आहे. मी काही बोललो नाही, आप्पांसारखंच. पण निघताना पायरीवर तू विचारलंस, "मामा, आजोबांची फळी कुठे आहे?" आणि मी म्हटलं, "कुणास ठाऊक, पडली असेल कुठेतरी."

माळ्यावर आहे. तेव्हाही तिथेच होती. जी आणखी एक दिवसही थांबली नाही तिला कशाला द्यायची, असं वाटलं मला तेव्हा. दोन वर्षं तू काही विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. बघ, मामा असाही असतो. काल तुझे फोटो आल्यावर काढली. शिसं काळं पडलंय, तंगूस कडक झालंय, ते बदलावं लागेल. फळीला आप्पांच्या बोटाने पडलेली खाच तशीच आहे.

दिवाळीनंतरच्या अष्टमीला ये. तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की भरतीची वेळ, हे तुला आप्पांनीच शिकवलं होतं. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. अर्धा तास इकडेतिकडे. भांगाचं पाणी, ओढ कमी, नवशिक्याला बरं. चारला धक्क्यावर पोचायचं. कोळंबी मी राजिवड्यावरून घेऊन ठेवतो. रॉड घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा आणि ड्रॅग सैल करायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळीही थांबावं लागेल, वाळेपर्यंत.

येताना रॉड हिरवा किंवा काळा बघ. लाल नको.

तुझा,
मामा